गाडी तापली? आधी बर्थाबाईंची गोष्ट ऐका

गेल्या उन्हाळ्यात करूळ घाट चढताना आमच्या जुन्या गाडीचा काटा लाल पट्ट्यात गेला. थांबत थांबत कोल्हापूरला घरी आणली, बॉनेट उघडलं आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. शेजारच्या काकांनी मागं ओढलं म्हणून तोंड वाचलं.

बर्थाबाई बेंझ वाटेत सारखं पाणीच भरत होत्या की! जन्म 1849 चा, जर्मनीतल्या फोर्झहाइमचा. लग्नाआधीच त्यांनी आपल्या हुंड्याचा पैसा होणाऱ्या नवऱ्याच्या, म्हणजे कार्ल बेंझच्या, वर्कशॉपमध्ये घातला. 1886 मध्ये मोटारीचं पेटंट झालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग ऑगस्ट 1888 मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन बाई मानहाइमहून मोटारीनं माहेरी निघाल्या. सुमारे 106 किलोमीटर. आपलं कोल्हापूर-बेळगाव धरा. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. इंजिन गार ठेवणारं पाणी मात्र वाफ होऊन उडायचं, म्हणून दिसेल तिथं भरायचं. त्या 95 वर्षं जगल्या, 1944 मध्ये गेल्या.

आपल्या गाडीत हेच पाणी दाबाखाली बंद असतं, त्यामुळे शंभर अंशांवरही उकळत नाही. गरम असताना झाकण काढलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. म्हणून इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मग कूलंटची पातळी बघा, पाइप कुठं गळतोय का बघा. दोन्ही ठीक असेल तर पंखा. आमच्या पंख्याचा फ्यूज उडाला होता.