नाण्यांना गुण देणारे विल्यम शेल्डन
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन (१८९८-१९७७) नाणेसंग्राहकांना परिचित आहेत ते त्यांच्या मोजपट्टीमुळे. जुन्या तांब्याच्या सेंटना १ ते ७० गुण देण्याची पद्धत त्यांनी १९४९ मध्ये मांडली. तिचा आधार तत्कालीन बाजारभाव होता: पार झिजलेले नाणे १ डॉलरचे, तर निर्दोष नाणे ७० डॉलरचे. ते भाव केव्हाच मागे पडले. मोजपट्टी मात्र चांदीच्या डॉलरनाही लागू झाली. झळाळी व सूक्ष्म ओरखडे पाहून ६५ गुण द्यावेत की ६६, यावर जाणकारांत आजही वाद होतात आणि दुर्मीळ नाण्याच्या किमतीत त्या एका गुणाने हजारो डॉलरचा फरक पडतो.

शेल्डन यांच्या निधनानंतर उघड झाले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील सरस सेंट काढून घेऊन त्यांनी तेथे आपली निकृष्ट नाणी ठेवली होती. अशी अदलाबदल पारख्यालाच साधावी! त्यातील काही नाणी न्यायालयीन लढ्यानंतर सोसायटीला परत मिळाली.