ग्रोट रेबर – परसातली दुर्बीण



रेडिओची दोन स्टेशनं सोडून काटा मधेच थांबला की खरखर ऐकू येते ना? त्या खरखरीतला थोडा भाग चक्क आकाशगंगेतून आलेला असतो. ग्रोट रेबरने सारं आयुष्य त्यासाठीच घातलं. आमच्या वडूजच्या पोरांना ही गोष्ट सांगताना मी त्याच्या आईपासून सुरुवात करतो.

आई हॅरिएट शिक्षिका. पुढे जगप्रसिद्ध झालेला एडविन हबल सातवी-आठवीत तिचाच विद्यार्थी! ग्रोटचा जन्म २२ डिसेंबर १९११ चा. शिकागोजवळच्या व्हीटन गावात तो वाढला. शाळकरी वयातच त्याने हौशी रेडिओचा परवाना मिळवला.

१९३३ मध्ये कार्ल जान्स्की या अभियंत्याने आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात असं जाहीर केलं. रेबरने त्याच्याच बेल प्रयोगशाळेत नोकरी मागितली. पण मंदीचे दिवस, जागा नव्हती. मग काय, १९३७ च्या उन्हाळ्यात गड्याने आईच्या परसातच लाकूड आणि पत्रा वापरून सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची थाळी उभी केली. पैसे स्वतःचे, अंगमेहनतही बरीचशी स्वतःचीच. शेजारी चक्रावले असतील, नाही का?

दिवसा नोकरी, रात्री आकाश. रात्रच का? तर गाड्यांच्या इंजिनातल्या ठिणग्यांचा त्रास तेव्हा कमी असे. पुस्तकी हिशोब सांगत होता की जास्त वारंवारतेला संदेश जोरदार मिळेल. त्याने आधी ३३०० मेगाहर्ट्झवर ऐकलं. काहीच नाही. मग ९०० च्या आसपास. तिथेही शांतता. तिसऱ्यांदा यंत्र बदलून १६० वर आला, तेव्हा कुठे १९३८ मध्ये आकाशगंगा ऐकू आली. हिशोबच उलटा निघाला! ही दोन अपयशं वर्गात सांगायला विसरू नका. मुलं तिथेच कान टवकारतात.

इकडे ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. त्याच काळात तिकडे रेबर एकटाच आकाशाचा रेडिओ-नकाशा काढत होता. तो १९४४ मध्ये छापून आला. जान्स्कीनंतर जवळजवळ दहा वर्षं या विषयाला वाहिलेला जगात हा एकटाच.

१९५४ मध्ये तो टास्मानियाला गेला आणि तिथेच राहिला. २० डिसेंबर २००२ रोजी, एक्क्याण्णव पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, त्याचं निधन झालं. त्याच्या अस्थी जगभरच्या रेडिओ वेधशाळांना वाटून दिल्या. त्यातल्या थोड्या आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आहेत, ४५ मीटरच्या तीस थाळ्यांच्या जीएमआरटीपाशी. सहल नारायणगावकडे गेली तर पोरांना तेवढं दाखवा.