पेनिसिलिनचे जनक : अलेक्झांडर फ्लेमिंग

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके डोंगरदऱ्यांचे. तेथील शेतकरी भात, नागली आणि वरई पिकवतात. शेतात राबताना पायात काटा मोडावा, हाताला विळा लागावा, ही नित्याचीच गोष्ट. आज अशा जखमेवर वेळीच उपचार झाले, तर बहुधा ती लवकर भरून येते. परंतु शंभर वर्षांपूर्वी क्षुल्लक जखमही कित्येकदा चिघळे, विष रक्तात भिनत असे आणि धडधाकट माणूस पाहता पाहता दगावत असे. हे जसे खेड्यांत घडे, तसेच लंडनसारख्या महानगरातही घडे. या संकटावर रामबाण ठरलेले औषध ज्यांनी शोधले, ते अलेक्झांडर फ्लेमिंग होत.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. माळरानातून पायी शाळेस जाताना पशुपक्षी न्याहाळण्याचा त्यांना छंद जडला आणि त्यामुळे त्यांची दृष्टी सूक्ष्म झाली. किशोरवयात ते लंडनला आले. तेथे चार वर्षे त्यांनी एका जहाज कंपनीत कारकुनी केली. पुढे एका नातेवाइकाकडून वारसाहक्काने थोडे धन मिळाले. त्याच्या आधारे १९०१ साली त्यांनी सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. डॉक्टर झाल्यावर ते त्याच संस्थेत सर आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली जंतुशास्त्राचे संशोधन करू लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात फ्लेमिंग यांना एक विदारक दृश्य दिसले. रणांगणावरून जिवंत परतलेले सैनिक रुग्णालयाच्या खाटेवर जखमा सडून मरत होते. डॉक्टर त्या जखमांत जंतुनाशक द्रव्ये ओतत. परंतु जखमेच्या खोल कपारींत दडलेल्या जंतूंपर्यंत ती पोहोचत नसत. उलट, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशीच त्यांमुळे मरत. जंतूंना मारील, पण माणसाच्या पेशींना अपाय करणार नाही, असे औषध हवे, हे फ्लेमिंग यांनी ओळखले. युद्ध संपल्यावर त्यांनी त्याचाच ध्यास घेतला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर ते जंतू वाढवण्याच्या काचेच्या थाळ्या तपासत होते. एका थाळीत बुरशी आली होती. एखाद्याने ती थाळी बिघडली म्हणून टाकून दिली असती. परंतु बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेले आहेत, हे फ्लेमिंग यांच्या चाणाक्ष नजरेने टिपले. बुरशीतून पाझरणाऱ्या त्या जंतुनाशक द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले.

तथापि ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्यांना साधले नाही. ते कार्य पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेले. १९४१ साली जंतुबाधेने मृत्युपंथास लागलेल्या एका पोलिसाला त्यांनी पेनिसिलिन टोचले. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारू लागली. पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. पुढे मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या गौरवप्रसंगी दिलेल्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी जगाला सावध केले. त्यांनी एक काल्पनिक उदाहरण दिले. एका मनुष्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत. उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला बाधतात, पेनिसिलिन निष्फळ ठरते आणि ती मरण पावते. त्या मृत्यूचा दोष अर्थातच अपुरे औषध घेणाऱ्या पतीकडे जातो.

ही भीती लवकरच खरी ठरली. थोड्याच वर्षांत पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू रुग्णालयांत आढळू लागले. अपुऱ्या औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. न धुतलेल्या हातांवरून व उपकरणांवरून ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. मग एक आजार बरा करण्यासाठी आलेल्या रुग्णाला दुसराच आजार पुनःपुन्हा जडतो.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९५५ रोजी, फ्लेमिंग यांचे लंडन येथे निधन झाले. त्यांनी दिलेली देणगी अमोल आहे. परंतु ती अक्षय नाही. रुग्णालय जव्हारचे असो वा लंडनचे, तेथे स्वच्छता पाळणे, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून असे औषध न घेणे आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे ते पूर्ण घेणे, हेच तिचे रक्षण होय.