आकाशातून झाडांची नाडी पाहणारे पिशारोटी

घोडबंदर : ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तर दुसऱ्या अंगाला वसईच्या खाडीकाठची तिवरांची वने आहेत. या हिरवाईत किती भर पडली व किती घट झाली, याचा हिशेब आता उपग्रहांच्या छायाचित्रांवरून मांडता येतो. भारतात या विद्येचा पाया घालणारे डॉ. पी. आर. पिशारोटी हे मात्र सर्वसामान्यांना फारसे परिचित नाहीत.

केरळातील कोल्लेंगोड येथे १९०९ मध्ये त्यांचा जन्म झाला. भौतिकशास्त्राचे अध्यापन करीत असतानाच सुट्यांच्या काळात त्यांनी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात दाखल झाले. पुढे कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे ते संचालक झाले. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालकपदही त्यांच्याकडेच आले.

१९६७ मध्ये शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर विश्रांती न घेता, विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादला गेले. त्या वेळी केरळातील माडांना मूळकुजीने ग्रासले होते. लक्षणे डोळ्यांना दिसेपर्यंत बागायतदाराच्या हाती फारसे काही उरत नसे. १९७० च्या सुमारास पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांना संवेदनशील असलेल्या फिल्मवर बागांची छायाचित्रे टिपली. निरोगी पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. रोगट पानात हे प्रमाण घटते. त्यामुळे छायाचित्रात निरोगी माड गडद तांबडे, तर रोगट माड फिके उमटले. स्वतःचा एकही उपग्रह नसलेल्या देशात दूरसंवेदनाची मुहूर्तमेढ अशी रोवली गेली.

पुढे अंतराळ उपयोग केंद्रात त्यांनी दूरसंवेदन विभागाची धुरा सांभाळली. १७ मार्च १९८८ रोजी 'आयआरएस-१ए' हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह अवकाशात झेपावला, तेव्हा त्यांनी पेरलेले बीज फळाला आले होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पानांच्या रंगावरून झाडाची प्रकृती कळते. परंतु दाट वनात खोडाफांद्यांचे वजन, म्हणजेच जैवभार, केवळ त्यावरून कळत नाही. हिमालयातील देवदार असोत वा कॅनडा-रशियातील सूचिपर्णी वने, पानांचे छत्र एकदा दाटले की छायाचित्रातील फरक मिटतो. तेथे लांब तरंगांचे रडार कामी येते. ते छत्र भेदून खोडांपर्यंत पोहोचते. तरीही जमिनीवर उतरून बुंध्यांचा घेर मोजल्याशिवाय त्या आकड्यांची खातरजमा होत नाही.

अशी दोन रडारे घेऊन 'निसार' हा भारत व अमेरिकेचा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्यातील भारतीय रडार अहमदाबादच्या त्याच अंतराळ उपयोग केंद्रात घडले. पिशारोटींनी केरळातील माडांपासून आरंभलेली वाट अशी जगभरातील वनांपर्यंत पोहोचली आहे.