मीर सुलतानखान

पंजाबात सरगोध्याजवळ मिठा तिवाना नावाचे गाव आहे. मीर सुलतानखान तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मले. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना बुद्धिबळ शिकवले. पण ते जुन्या भारतीय पद्धतीचे. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजा व हत्ती यांची जागा एकाच चालीत बदलून राजाला कोपऱ्यात सुरक्षित ठेवण्याची सोयही तीत नव्हती.

सर उमर हयातखान या जमीनदारांनी त्यांचे कौशल्य ओळखले आणि त्यांना पाश्चात्त्य नियम शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ साली सुलतानखान अखिल भारतीय विजेते झाले. १९२९ मध्ये उमर हयातखान त्यांना लंडनला घेऊन गेले. तेथील खेळाडूंना डावाची सुरुवात कशी करावी याचे ग्रंथच्या ग्रंथ पाठ असत. सुलतानखानांना इंग्रजी फारसे येत नसे, मग ग्रंथ कोठून वाचणार! पहिल्या दहा-बारा चालींतच ते अडचणीत सापडत आणि मग चिवटपणे सावरत. तरीही त्याच वर्षी ते ब्रिटनचे विजेते झाले.

१९३०च्या अखेरीस हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी त्यांची गाठ क्यूबाच्या कापाब्लांका यांच्याशी पडली. कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेते होते; त्यांना हरवणारे खेळाडू फार थोडे. पांढऱ्या सोंगट्या सुलतानखानांकडे होत्या. कापाब्लांकांनी योजलेल्या सुरुवातीला 'वजिराच्या बाजूचा भारतीय बचाव' म्हणतात. नाव भारतीय, परंतु वाढ युरोपातील ग्रंथांत झालेली! पाचव्या चालीला सुलतानखानांनी कडेचे प्यादे एकच घर पुढे सरकवले. चाल साधीच होती. पण पुढे ती जगज्जेते पेट्रोशियन यांच्या नावाने रूढ झाली. राजाला त्यांनी कोपऱ्यात नेलेच नाही. एकविसाव्या चालीला काळ्या हत्तीने थेट आत घुसून शह दिला. राजा शांतपणे एक घर पुढे आला. दुसऱ्या हत्तीचाही शह आला, तेव्हा सुलतानखानांनी आपला वजीर देऊन दोन्ही हत्ती टिपले. मग काळा वजीर एकटा धावत राहिला, आणि पांढऱ्या हत्तींनी घाई न करता पट आवळत नेला. पासष्टाव्या चालीनंतर कापाब्लांकांनी हार मान्य केली.

१९३२ व १९३३ साली सुलतानखान पुन्हा ब्रिटनचे विजेते झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मालकांसह मायदेशी परतले व शेतीत रमले. १९६६ साली ते वारले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना सन्मानार्थ ग्रँडमास्टर हा किताब दिला, तो २०२४ साली.