धनंजयराव गाडगीळ आणि सीमाभाग
बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनातून निघालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे पाठबळ लाभले. नाशिकला १९०१ मध्ये जन्मलेल्या, केंब्रिजला शिकलेल्या गाडगिळांची शिस्त एकच होती : आधी गावात जाऊन मोजणी, मग मत. वाई तालुक्यातील शेती आणि गोदावरी-प्रवरा कालव्यांचे परिणाम त्यांनी असेच तपासले. हे संशोधन कपाटात पडून राहणारे नव्हते. शेतकऱ्याची पत आणि त्याच्या मालावरील प्रक्रिया त्याच्याच संस्थेच्या हाती असावी, हा विचार त्यांनी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होऊन कसोटीला लावला.

१९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. तेथवर त्यांची मागणी अपुरीच राहिली. त्यांच्या अर्थविचाराला मात्र सीमा आडवी आली नाही. संकेश्वरचा हिरा शुगर, निपाणीचा हालसिद्धनाथ हे कारखाने त्याच सहकारी वळणाचे. जिल्ह्यागणिक एक अग्रणी बँक ही १९६९ ची योजना त्यांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीतून आली. बेळगावात आणि आपल्या गोव्यातही ती आजतागायत चालू आहे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सोडून पुण्याकडे परतताना, ३ मे १९७१ रोजी, रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.