सर हंफ्री डेव्ही

सर हंफ्री डेव्ही यांचा जन्म १७७८ साली इंग्लंडमधील पेन्झान्स या गावी झाला. वडील वारल्यावर ते एका शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. तेथेच त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली.

१८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी पोटॅश या क्षारातून विजेचा जोरदार प्रवाह सोडला. तो वितळून त्यातून चांदीसारखे चकाकणारे कण बाहेर पडले. हेच पोटॅशियम! पण हा धातू मोठा विलक्षण होता. पाण्यावर पडताच तो जांभळट ज्योतीने पेटे आणि ते पाणी दाहक होई. हवेतही तो टिकेना. मग तो ठेवावा कशात? डेव्हींनी चिकाटीने शोध घेतला व नॅप्था या खनिज तेलात तो बुडवून ठेवला. तेलामुळे हवा व ओलावा त्याच्यापर्यंत पोहोचेनात. आजही प्रयोगशाळेत पोटॅशियम तेलातच ठेवतात.

१८१२ साली एका स्फोटक द्रव्यामुळे डेव्हींच्या डोळ्यास इजा झाली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १८१५ साली त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षादीप तयार केला. पण त्याचे पेटंट घेतले नाही. १८२९ साली जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. धाडसाला सावधगिरीची जोड हवी, हेच त्यांचे जीवन सांगते.